स्प्रिंग कधी बदलायची?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं सावरून लिहिलं आहे.)



संयोजकांनी आम्हा वक्त्यांना पंधरा-पंधरा मिनिटं दिली आहेत आणि अट एकच घातली आहे, ऑफिसबद्दल बोलायचं नाही. आमच्या तुकडीत सॉफ्टवेअरवाले किती आहेत हे बघता ही अट फार शहाणपणाची आहे. म्हणून मी छंदाबद्दल बोलते. गेली नऊ वर्षं मी एका रायफल क्लबमध्ये .२२ च्या पिस्तुलाने २५ मीटरवर नेमबाजीचा सराव करते. ही बातमी आपल्या ग्रुपवर गेल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले गेले. एक, "एवढा राग कुणावर आहे?" आणि दोन, "लायसन्स कुठे मिळतं?" पहिल्याचं उत्तर मी देणार नाही. दुसऱ्याचं पोलीस आयुक्तालयात मिळेल.

तिसरा प्रश्न मात्र कामाचा निघाला. आपल्यातला एक जण पोलीस दलात आहे, आज इथे बसलाही आहे. मागच्या महिन्यात त्याने फोन केला आणि म्हणाला, "अगं, मला एक सांग. मॅगझिन भरून महिनोन्‌महिने तसंच कमरेला असतं. आतली स्प्रिंग बसत नाही का? आणि पिस्तुलातल्या बाकीच्या स्प्रिंगा कधी बदलायच्या? तुटल्यावर?" फोनवर मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि त्यातून त्याचं समाधान झालं नाही. ते आज सविस्तर देते. बाकीच्यांनी घाबरू नका, शेवटी ते तुमच्या घरच्या कुकरपर्यंत येऊन पोचतं.

पिस्तूल मी आणलेलं नाही. शस्त्र दाखवायला म्हणून सभागृहात आणायचं नसतं. टेबलावर आहे ती बॉलपेनची स्प्रिंग, तेवढ्यावर भागेल.

आधी आत काय चालतं ते सांगते. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात चाप ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी नळीत आपोआप येऊन बसते. हे काम स्प्रिंगा करतात. हॅमरमागे एक स्प्रिंग असते. चाप ओढला की ती हॅमरला पुढे फेकते, हॅमर फायरिंग पिनवर आणि पिन काडतुसावर आदळते. गोळी सुटते आणि त्या धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते. जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि रिकॉइल स्प्रिंग दाबत जाते. मग दबलेली रिकॉइल स्प्रिंग स्लाइडला परत पुढे ढकलते. पुढे येताना स्लाइड मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस ओढून नळीत सरकवते. ते काडतूस वर आणून ठेवायचं काम मॅगझिनच्या स्प्रिंगचं. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. एक स्प्रिंग जरी उशिरा पोचली, तरी पिस्तूल अडतं.

आपल्या पोलिसांकडे आणि सैन्याकडे वर्षानुवर्षं असलेलं ९ मि.मी.चं "पिस्तूल ऑटो १ए" पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं. त्याचं मूळ ब्राउनिंग हाय-पॉवर. जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये वारले, त्यांचं अर्धवट राहिलेलं काम बेल्जियममध्ये द्यूदोने सेव यांनी पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये ते पिस्तूल आलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या इंग्लिस कंपनीने ते बनवलं आणि आपलं पिस्तूल त्या घराण्यातलं आहे. मॅगझिनमध्ये १३ काडतुसं. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीचा आराखडा आजही कमरेला आहे. आराखडा टिकला, कारण तो चांगला होता. त्यातल्या स्प्रिंगा मात्र टिकण्यासाठी नसतातच, त्या बदलण्यासाठी असतात. आपल्या वर्गात अर्ध्या जणांचे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा शेजारच्या मशिन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत होते. त्यांच्या घरी हे वाक्य वेगळं समजवावं लागणार नाही.

आता स्प्रिंग "बसते" म्हणजे काय होतं? यासाठी आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊ या. नववीला ताणकाटा होता, आठवतो? वजन लावायचं, काटा किती खाली आला ते लिहायचं, आलेख काढायचा आणि सरळ रेष आली की सरांकडून सही घ्यायची. तो हूकचा नियम. रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये तो अक्षरांची सरमिसळ करून कोड्यासारखा छापला, दुसऱ्या कुणी आपल्या आधी शोधल्याचा दावा करू नये म्हणून. मग १६७८ मध्ये कोडं उलगडून सांगितलं: जेवढा ताण, तेवढं बल. आपल्या वर्गातल्या मुलांनी त्याच ताणकाट्याला एकदा पुस्तकांनी भरलेलं दप्तर अडकवलं होतं. नावं घेत नाही, सर पहिल्याच रांगेत बसले आहेत. त्या दिवसानंतर काहीही न लावताही तो काटा शून्यावर यायचा नाही, थोडा खालीच राहायचा. सरांनी तेव्हा सांगितलं होतं, "स्प्रिंग मर्यादेपलीकडे ताणली, आता ती पूर्वीच्या लांबीला यायची नाही." सर, तुमचं ते वाक्य म्हणजे या भाषणाचा निम्मा भाग आहे.

एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. आपण म्हणतो स्प्रिंग "मऊ पडली". खरं म्हणजे ती मऊ पडत नाही. पोलादाचा कडकपणा वापराने बदलत नाही, स्प्रिंगची जाडी आणि वेढे तेच असतात. बदलते ती तिची मोकळी लांबी. ती आखूड होते. आणि आखूड झाल्याचा फटका कुठे बसतो ते एका हिशोबाने बघू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत.

समजा एक रिकॉइल स्प्रिंग मोकळी असताना १६ सें.मी. आहे. पिस्तुलात बसवल्यावर, स्लाइड बंद असताना, ती १० सें.मी.पर्यंत दबलेली असते. दर सें.मी.ला अर्धा किलो जोर धरला, तर बंद स्थितीत जोर झाला ६ गुणिले अर्धा, म्हणजे ३ किलो. स्लाइड पूर्ण मागे गेली की स्प्रिंग ५ सें.मी.वर येते, तेव्हा जोर साडेपाच किलो. आता वापराने स्प्रिंग एक सें.मी. आखूड झाली, १५ ची झाली. स्लाइड मागे असताना जोर साडेपाचाचा पाच झाला, अकरावा भाग गेला. पण स्लाइड बंद होताना तो तीनाचा अडीच झाला, सहावा भाग गेला.

म्हणजे स्प्रिंगचं बळ सगळ्यात जास्त कमी होतं ते अगदी शेवटच्या टप्प्यात, स्लाइडला पूर्ण बंद व्हायचं असतं तिथे. आणि नेमकं तिथेच तिला सगळ्यात जास्त काम असतं, काडतूस नळीत पूर्ण बसवायचं, त्यात काजळी असली तर तिच्यावरही मात करायची. म्हणून थकलेल्या रिकॉइल स्प्रिंगचं नेहमीचं लक्षण हे की स्लाइड पूर्ण बंद होत नाही, केसभर मागे राहते. हाताने स्लाइड ओढून पाहिली तर आपल्याला ती पूर्वीसारखीच घट्ट लागते, कारण आपण मागच्या टोकाचा जोर अनुभवतो. "अजून कडक आहे की!" असं म्हणून बरेच जण तिथेच फसतात.

दुसरा प्रकार आखूड होण्याचा नाही, तुटण्याचा. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून रेल्वेचा मोठा अपघात झाला, पन्नासहून जास्त माणसं गेली. बाहेरून धडधाकट दिसणारा लोखंडी आस अचानक का तुटावा, हे तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने आस घेऊन ते पुन्हा पुन्हा वाकवून तपासले आणि दाखवलं की एका झटक्यात जो भार धातू सहज पेलतो, तोच भार लाखो वेळा आला तर धातू तुटतो. यालाच आपण धातूचा थकवा म्हणतो. एखादी बारीक भेग पडते आणि दर वेळी ती थोडी पुढे सरकते. भार कमी असेल तर पोलाद जवळपास कायम टिकतं. भार जास्त असेल तर त्याचं आयुष्य मोजून दिलेलं असतं.

इथे कुणीही गाडी चालवणारा विचारेल की इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कशा टिकतात मग? इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर व्हॉल्व्हची स्प्रिंग मिनिटाला १५०० वेळा दबते, तासाला ९०,००० वेळा. ती वर्षानुवर्षं चालते आणि पिस्तुलाची स्प्रिंग काही हजारांत बदलायला सांगतात. पोलाद हलकं असतं म्हणून नाही. इंजिनात जागा आहे, म्हणून तिथे तारेवरचा ताण बेताचा ठेवता येतो. पिस्तुलात नळीखालच्या एवढ्याशा पोकळीत स्प्रिंग बसवायची, तिने झटकाही सोसायचा आणि स्लाइडही परत आणायची. तारेवरचा ताण मर्यादेच्या अगदी जवळ न्यावाच लागतो. म्हणून पिस्तूल जितकं छोटं, तितकी त्याची रिकॉइल स्प्रिंग लवकर बदलावी लागते. पर्समध्ये मावणाऱ्या पिस्तुलाला स्प्रिंग कमी गोळ्यांत बदलायला सांगतात, पूर्ण आकाराच्याला जास्त.

आकडे हवेत ना? पूर्ण आकाराच्या ९ मि.मी. पिस्तुलासाठी साधारण ३००० ते ५००० गोळ्यांनंतर रिकॉइल स्प्रिंग बदलतात. .४५ च्या जुन्या घाटाच्या पिस्तुलांना त्याआधीच, २००० ते ३००० च्या आसपास. चपट्या तारेच्या नव्या स्प्रिंगा याहून बऱ्याच जास्त टिकतात. माझ्या .२२ चा धक्का मुळात हलका, त्यामुळे तिथे मुदत लांबते. हे सगळे ढोबळ आकडे आहेत. तुमच्या पिस्तुलाच्या पुस्तिकेत जो आकडा आहे तोच खरा, आणि स्प्रिंग बदलायचं काम आर्मररचं.

पण गोळ्या मोजलेल्याच नसतील तर? मग लक्षणं बघायची. रिकामी पुंगळी पूर्वी दोन हातांवर पडायची, आता चार हातांवर उडते: रिकॉइल स्प्रिंग दमली, स्लाइड जास्त वेगाने मागे आदळते आहे. स्लाइड शेवटी केसभर उघडी राहते: तीच स्प्रिंग, किंवा घाण. म्हणून आधी साफ करून बघायचं. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून, नळी वरच्या बाजूला तिरकी धरायची, स्लाइड मागे घ्यायची आणि हाताने धरून सावकाश पुढे सोडायची. साफ केल्यावरही स्वतःच्या बळावर ती पूर्ण बंद होत नसेल तर उत्तर मिळालं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे जुनी स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी टेबलावर ठेवायची. नवी स्प्रिंगसुद्धा पहिल्या काही गोळ्यांत थोडी आखूड होऊन मग स्थिर होते, त्याला घाबरायचं नाही. पण जुनी दोन-तीन वेढ्यांनी आखूड दिसली तर ती परत आत घालायची नाही.

शेवटची एक-दोन काडतुसंच अडतात, किंवा मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे अडकून राहायला हवी ती राहत नाही: ही मॅगझिनची स्प्रिंग. मॅगझिन रिकामं होत आलं की ती सगळ्यात सैल असते, म्हणून तिची दमछाक शेवटी दिसते. चाप ओढला, आवाज झाला, गोळी सुटली नाही: नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, कारण काडतूस उशिराही पेटू शकतं. मग ते बाहेर काढून पिनेची खूण बघायची. खूण खोल आहे तर दोष काडतुसाचा. खूण उथळ आहे तर हॅमरची स्प्रिंग दमली आहे किंवा आत घाण आहे.

आता मित्राचा मूळ प्रश्न. भरलेलं मॅगझिन महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर स्प्रिंग बसते का? मर्यादेच्या आत नुसती दबून राहिली तर फारशी नाही. स्प्रिंगला थकवते ती ये-जा, पुन्हा पुन्हा दबणं आणि सुटणं. सरावाचं मॅगझिन रोज भरतं-रिकामं होतं, ते आधी दमतं. कमरेचं मॅगझिन तसं आरामात असतं. म्हणून शहाणी माणसं सरावाची मॅगझिन वेगळी आणि कामाची वेगळी ठेवतात आणि त्यांच्यावर क्रमांक घालतात. तुझ्या कमरेच्या मॅगझिनला धोका दुसराच आहे आणि तो आपल्या बदलापूरचा आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा आठव. उल्हास नदीच्या काठी चार महिने भिंतींना ओल असते, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी येते. त्यात कमरेचा घाम, म्हणजे मीठ. स्प्रिंगवर गंजाचा एक टिपका पडला की तिथे खळगा तयार होतो आणि थकव्याची भेग खळग्यातूनच सुरू होते. शिवाय तारेची जाडी थोडी जरी घटली तरी स्प्रिंगचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने घटतो. जाडी एक टक्का गेली की जोर चार टक्के गेला. म्हणून जे पिस्तूल वर्षाला मोजक्याच गोळ्या झाडतं, त्याची स्प्रिंग गोळ्यांच्या आकड्यावर सोडायची नाही. पावसाळा संपला की उघडून बघायची. गंज दिसला तर ती शून्य गोळ्या झाडलेली असली तरी बदलायची.

एक मोह आवरायला मात्र सांगते. "जरा जास्त कडक स्प्रिंग घाल, जास्त दिवस टिकेल," असा सल्ला देणारे सगळीकडे भेटतात. कडक स्प्रिंग घातली की हलक्या काडतुसाचा धक्का स्लाइडला पूर्ण मागे नेऊ शकत नाही. पुंगळी बाहेर पडत नाही, मध्येच अडकते. .२२ मध्ये तर हे हमखास. हाय-पॉवरच्या रिकॉइल स्प्रिंगचा जोर १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलोच्या आसपास ठेवला आहे, तो काही उगीच नाही. कंपनीने ठरवलेल्या जोराचीच स्प्रिंग घालायची, फक्त वेळेवर.

"वेळेवर" म्हणजे बिघडायच्या आधी. हे आपल्याला नवीन नाही. आपण सगळे ज्या लोकलने शिकायला आणि नोकरीला गेलो तिच्या डब्याखाली स्प्रिंगाच आहेत. मध्य रेल्वेचा माटुंग्याचा कारखाना १९१५ पासूनचा. तिथे डबे ठरलेल्या मुदतीने येतात, बिघडलेले असोत वा नसोत. स्प्रिंगा काढून भाराखाली तपासतात, किती दबली ते बघून त्यांचे गट पाडतात आणि एका बोगीत एकाच गटातल्या स्प्रिंगा बसवतात. नवी आणि थकलेली शेजारी बसवली तर जास्त भार नवीवर येतो. आठवड्याच्या गर्दीत बदलापूर लोकल मध्येच बंद पडली की आपण रेल्वेला नावं ठेवतो. पण रोज ती बंद पडत नाही याचं कारण कुणीतरी चांगली दिसणारी वस्तू तारीख बघून काढून टाकली आहे, हे आपल्याला दिसत नाही.

नेमबाजीत हे किती महाग पडतं ते दोन उदाहरणांवरून सांगते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं, आशियाई खेळांत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. अंतिम फेरीत त्या आणि थायलंडची नेमबाज दोघीही ३४ वर थांबल्या. पाच गोळ्यांचा शूट-ऑफ झाला, त्यातही बरोबरी. दुसऱ्या शूट-ऑफला ३ विरुद्ध २. म्हणजे सुवर्ण आणि रौप्य यांत फरक एका गोळीचा. या प्रकारात लक्ष्य समोर येतं ते तीन सेकंदांसाठी. त्या तीन सेकंदांत स्लाइड केसभर उघडी राहिली असती तर?

दुसरं उदाहरण टोकियोचं. जुलै २०२१ मध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. तो भाग स्प्रिंग नव्हता आणि ते पिस्तूल हवेवरचं होतं, पण धडा तोच. दुरुस्ती होऊन ती परत आली तेव्हा तिला ४४ गोळ्या झाडायच्या होत्या आणि वेळ पाऊण तासाहूनही कमी उरला होता. ५७५ गुण, बारावा क्रमांक, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीच मुलगी तीन वर्षांनी पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं घेऊन आली. पण ती तीन वर्षं तिला कुणी परत दिली नाहीत.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगते. माझ्या ओळखीच्या एका क्लबमध्ये मुलांसाठी एक सामाईक .२२ पिस्तूल होतं. सकाळी एक बॅच, संध्याकाळी दुसरी. किती गोळ्या झाल्या ते कुणालाच माहीत नव्हतं. पिस्तूल सगळ्यांचं, त्यामुळे नोंद कुणाचीच नाही. एक सतरा वर्षांची मुलगी निवड चाचणीसाठी तेच घेऊन गेली. वडील रिक्षा चालवतात, स्वतःचं पिस्तूल घेण्याचा प्रश्नच नव्हता. जलद फेरीत पिस्तूल अडलं. पंचांनी तपासलं, दोष शस्त्राचा निघाला, तिला ती मालिका परत मिळाली. नियमात तशी सोय आहे, पण तिला मर्यादा आहे. थोड्या वेळाने ते परत अडलं. या वेळी न झाडलेल्या गोळ्यांना शून्य. मुलगी रडली नाही. तिने पिस्तूल रिकामं करून ठेवलं, कानावरचं काढलं आणि विचारलं, "ताई, माझा हात हलला का?" तिला वाटत होतं चूक तिचीच आहे. मला त्या प्रश्नाचं जास्त वाईट वाटलं.

नंतर आर्मररने उघडून दाखवलं. रिकॉइल स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवल्यावर तीन वेढे आखूड. पिस्तुलाच्या किमतीपुढे स्प्रिंगची किंमत काहीच नाही. तिच्या प्रवासखर्चाहूनही ती कमी होती. बदलली नाही याचं कारण पैसा नव्हता, कारण हे की ती अजून चालत होती.

तेव्हापासून तिथे एक वही आहे. साधी दोनशेपानी, दोरीने कपाटाला बांधलेली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटेल अॅप करावं. मीही तो विचार केला आणि सोडून दिला, कारण रेंजवर फोन बाजूला ठेवावा लागतो आणि तेलकट हाताने पेन धरता येतं. चार रकाने: तारीख, पिस्तुलाचा क्रमांक, किती गोळ्या, कुठे अडलं. शेवटच्या रकान्यात "काही नाही" असंसुद्धा लिहायचं. पुस्तिकेतल्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांवर पोचलं की नवी स्प्रिंग मागवायची, कारण परदेशी पिस्तुलाचे भाग यायला वेळ लागतो. आकडा पूर्ण झाला की बदलायची, कितीही चांगली वाटत असली तरी. एक नवी स्प्रिंग कायम शिल्लक. आणि बदलल्यावर स्पर्धेच्या आधी निदान शंभर-दोनशे गोळ्या झाडून बघायच्या, कारण नवीन भागही पहिल्या दिवशी दगा देऊ शकतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री काहीही बदलायचं नाही.

याशिवाय एक तपासणी: चापाचं वजन. २५ मीटर पिस्तुलात चापाचा भार निदान १००० ग्रॅम असावा लागतो आणि स्पर्धेत वजन टांगून तो तपासतात. चापाच्या स्प्रिंगा सैलावल्या तर तो हजाराच्या खाली जातो आणि मग खेळायलाच मिळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा रिकाम्या पिस्तुलावर एक किलोचं वजन टांगून बघायचं.

ती मुलगी पुढच्या वर्षी परत चाचणीला गेली. पिस्तूल तेच, स्प्रिंग नवी. या वेळी ते एकदाही अडलं नाही. तिचा क्रमांक निवडीच्या एका जागेने मागे राहिला. तिने परत येऊन वहीत आकडा लिहिला, शेवटच्या रकान्यात "काही नाही" लिहिलं आणि म्हणाली, "ताई, या वेळी मला कळलं की कुठे सुधारायचंय." ती अजून खेळते आहे.

कुकरचं मी सुरुवातीला कबूल केलं होतं. कुकरच्या झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गॅसची रबरी नळी, दोन्ही चालतात तोवर चांगलीच दिसतात. नळीवर तारीख छापलेली असते. घरी जाऊन ती वाचा. आणि तुम्ही पंचेचाळिशीला आला आहात, तेव्हा रक्तदाबही मोजून घ्या, तो "चांगला वाटतोय" यावर जाऊ नका. आपल्या वर्गातले डॉक्टर तिकडे मान हलवताहेत, म्हणजे हे वाक्य बरोबर आहे.

आणि पोलीस मित्रा, तुझ्यासाठी तीनच ओळी. मॅगझिनवर क्रमांक घाल. दर दिवाळीच्या आधी आर्मररकडून उघडून गंज बघून घे. आणि सरावाच्या गोळ्या कुठेतरी लिहून ठेव, एखाद्या जुन्या डायरीत का होईना. तू रात्री ड्यूटीवर असतोस तेव्हा तुझ्या घरचे तुझ्या कमरेच्या त्या स्प्रिंगवर नकळत विसंबून असतात.

सर, प्रयोगशाळेत नवा ताणकाटा आला आहे असं मघाशी कळलं. जुना शून्यावर न येणारा अजून कपाटात असेल तर तो फेकू नका. नववीच्या मुलांना दोन्ही शेजारी टांगून दाखवा. मर्यादा ओलांडली की काय होतं ते त्यांना फळ्यावरच्या आलेखापेक्षा लवकर कळेल.

माझी पंधरा मिनिटं संपली आहेत.